जिनिंगमधल्या अडलेल्या पावत्या

आम्ही घरचे सगळे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचो. बोंडांनी आईची बोटं इतकी चिरलेली असायची की तिखट कालवताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरात पदवी घेणारा मी पहिला. घाटंजीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर बसलो, तेव्हा मान ताठ होती.

त्याच ताठ्यात मी भर हंगामात, कोणी सांगितलं नसताना, नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. दुसऱ्या दिवसापासून शेतकऱ्याची जुनी नोंद उघडायला दहा-दहा मिनिटं लागू लागली. नोंदीशिवाय पावती निघेना, अन् वजन झालेल्या कापसाच्या गाड्या अडल्या.

"काहून रे बाबू, कॉलेजात थांबाचंच शिकवलं काय तुले?" एक म्हातारा बैलांजवळून ओरडला. सगळे हसले. मालक हसले नाहीत. "डिस्क गेली. उद्यापासून तूही येऊ नको."

मी एक दिवस मागून घेतला. नोंदी साठवलेली तीच डिस्क जुनी सिस्टिम असलेल्या कॉम्प्युटरला लावली, तर नोंद लगेच उघडली. म्हणजे डिस्क धड होती. डिस्कवर कोणतं काम आधी व्हावं हे ठरवणारा शेड्युलर नव्या सिस्टिममध्ये बदलला होता. काट्यावरची वजनं सतत लिहिली जात, तो तेवढीच पुढे घेई, अन् वाचायचं काम मागे पडे. आमचा चौकीदारही तसाच, नव्या गाड्या आत घेत राही, आतल्यांना वाट देत नसे.

मी जुना शेड्युलर परत लावला आणि चूक माझीच होती, हे मालकांना सांगितलं. दिवेलागणीआधी सगळ्या गाड्या पावती घेऊन गेल्या.

आई त्या वर्षीही वेचायला गेलीच. पण माझी नोकरी टिकली.