बैल लागला का?

आमच्या मोठ्या वहिनीनं वसईच्या बाजाराचा जेवढा छळ केला तेवढा पोर्तुगिजांनीसुद्धा केला नसेल. पोर्तुगीज निदान एकदाचे किल्ला सोडून गेले आणि परत आले नाहीत. वहिनी दर रविवारी परत यायची. आणि तिला आणायचो मी, माझ्या स्कूटरवरून, म्हणजे या पापात माझाही वाटा आहे. आम्ही गिरगावातली खोली विकून वसईला फ्लॅट घेतला त्या वर्षीपासूनची ही गोष्ट. दादा सहा दिवस मुंबईला ये-जा करून पिचलेला असायचा, त्यामुळे रविवार त्याचा झोपेचा. मी वसईतच नोकरीला, त्यातून बिनलग्नाचा, त्यातून स्कूटरवाला. असला दीर घरात असला म्हणजे त्याला रविवार नसतो. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता वहिनी म्हणायची, "भावजी, गाडी काढा." चहा कपात असतानाच. तो पिऊन होईस्तोवर ती पिशव्या घेऊन खाली उभी.

वहिनी साताऱ्याकडची, शेतकऱ्याची लेक. आम्ही कोकणातले, भाजी म्हणजे काय तर जी ताटात येते ती. भाजीला गाव असतं, माती असते, ती कोणी आणि कशी लावली याला काही महत्त्व असतं, हे आम्हाला तिच्यामुळे कळलं, आणि नसतं कळलं तर फार सुखात राहिलो असतो. बाजारात शिरल्यावर पहिली फेरी ती रिकाम्या हातानं मारायची. काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. देवळात गेल्यावर आधी प्रदक्षिणा घालावी तसं. दुसऱ्या फेरीत चौकशी सुरू. वसईच्या बाजारात आसपासच्या वाड्यांतून बाया भाजी घेऊन येत. त्या तराजू लावत नसत, समोर फडक्यावर वाटे मांडून बसत. चार वांग्यांचा एक वाटा, मूठभर भेंड्यांचा एक. भाव एकच, पसंत पडेल तो वाटा उचलायचा, इतकं सोपं. पण वहिनी भावाबद्दल अवाक्षर काढायची नाही. ती वाटा मोडायची! या वाट्यातलं वांगं त्या वाट्यात, त्यातलं ह्यात, "आता कसं, सारखं झालं," असं म्हणून ती सगळं फडकं नव्यानं लावायची आणि मग त्यातला सगळ्यात बारका वाटा स्वतः घेऊन निघायची. म्हटलं, "अगं वहिनी, चांगला वाटा लावलास तर तो तरी घे!" तर म्हणाली, "घेण्यासाठी न्हवं लावला. वाकडा दिसत होता."

स्कूटरवर सामान चढवायची तिची एक पद्धत होती. केळफूल माझ्या पोटाशी, अळूच्या जुड्या हँडलला, आणि लाल भोपळा माझ्या दोन पायांच्या मध्ये. ब्रेक भोपळ्याच्या मागे. एकदा तिनं मला सोमवारी रजा घ्यायला लावून नेलं होतं, तेव्हा तो भोपळा ऐन कोर्टासमोर उसळला आणि घरंगळत निघाला. काळ्या कोटातले एक वकीलसाहेब अशिलाशी बोलत उभे होते, त्यांनी मोठ्या तत्परतेनं तो पायानं अडवला. वहिनी धावत गेली. "लागलं का हो?" वकील म्हणाले, "छे छे, काही नाही लागलं मला." वहिनी खाली बसून भोपळा फिरवून बघत होती. "तुम्हाला न्हाई, भोपळ्याला इचारते." भरल्या कोर्टासमोर मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आईचे गुडघे गेले, आणि तिनं ऋषिपंचमीची भाजी वहिनीच्या हवाली केली. तिथून माझ्या हालांना खरी सुरुवात झाली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. नांगरलेल्या जमिनीतलं नको, परसात हातानं लावलेलं किंवा आपसूक उगवलेलं तेवढं चालतं. भाताऐवजी वरीचे तांदूळ. आईनं हे व्रत लग्नापासून केलेलं. बाकीचे लोक काय करतात? बाजारात 'ऋषीची भाजी' म्हणून जे मिळतं ते उचलतात, पुढचं ऋषींनी बघून घ्यावं. आईसुद्धा तेच करत आली असणार. पण वहिनीला ती म्हणाली, "मी आहे तोवर एवढं माझं सांभाळ हो," आणि वहिनीनं ते शब्दशः घेतलं. आईच्या पानात बैलाच्या घामाचं काही पडलं तर तिचं आयुष्यभराचं व्रत मोडेल आणि ते आपल्या हातून मोडेल, एवढी एक धास्ती तिच्या मनात बसली ती बसलीच.

मग ती श्रावणापासून बाजारभर विचारत सुटायची, "बैल लागला का?" भेंडीवालीला, पडवळवालीला, काकडीवालीला. बाया हसायच्या. एकीनं गंमत म्हणून सांगितलं, "बैल नाय लागला, माझा नवराच लागला." वहिनीनं तिच्याकडून बिनदिक्कत काकड्या घेतल्या. एक जण म्हणाला, आम्ही ट्रॅक्टर लावतो. झालं! ट्रॅक्टर चालतो की नाही? आमच्या भटजींना विचारलं तर ते म्हणाले, शास्त्रात ट्रॅक्टरचा उल्लेख नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता वहिनीनंच निकाल दिला, "चालंल. ट्रॅक्टरचे खांदे सोलत न्हाईत."

शेवटी तिला हवी तशी एक बाई मिळाली. कळंबच्या वाटेवर तिची वाडी. लाल लुगडं, गळ्यात क्रूस, चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून बाजारात यायची. सगळा बाजार तिला बायच म्हणायचा. या बायनं वहिनीच्या त्रासाला कंटाळून घरामागे एक वाफा स्वतः कुदळीनं खणला आणि त्यात फक्त आमच्या आईची भाजी लावायला सुरुवात केली. अळू, माठ, भेंडी, शिराळी, मक्याची चार ताटं. म्हणायची, "सन तुमचा, नि धाक मला!" पण भाजी वेळेवर आणायची. दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं, आणि मला वाटलं, सुटलो.

मग एका वर्षी गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, आम्ही सकाळीच बाजारात. घरी आई आघाड्याच्या काडीनं दात घासून, अंघोळ करून बसलेली. तिला साखरेचा आजार, उपाशी राहायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. पण ऋषीची भाजी शिजून पानात पडल्याशिवाय ती पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. बायनं टोपली पुढे केली. वहिनीनं अळूचं पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "बैल लागला का?"

"नाय ग बाय, कुदलीनंच खनलंय. यंदा भाजी लय आली, डोक्यावर मावंना. नाक्यापर्यंत शेजाऱ्याच्या गाडीत घातली, मग एसटीनं आलू."

"कसली गाडी?"

"बैलाची."

मी कपाळाला हात लावला. वहिनीनं पान टोपलीत परत ठेवलं. मी म्हटलं, "अगं, बैलानं पिकवली नाही, नुसती आणली!" तर म्हणते, "पोस्टमन पत्र लिहीत न्हाई, नुसतं आणतो. मग त्याला कष्ट न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "नाक्यापर्यंतच आणली!" "चढ हाय का न्हाई त्या रस्त्याला?" बाय म्हणाली, "हाय थोडा." या बाईला कोणी विचारलं होतं? शेवटी मी आवाज चढवला, "वहिनी, आई उपाशी बसलीय." ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "म्हणूनच म्हणते. उपाशी माणसाला खोटं वाढू?"

बायच्या वाडीकडे निघालो. बाय म्हणाली, मी नसेन तर माझी सून तुम्हाला वाफ्याला हात लावू देणार नाही. म्हणून तीही बसली. पुढे मी, मागे वहिनी, तिच्या मागे नऊवारी लुगड्यातली बाय, वरून पाऊस, खाली चिखल. दोन वेळा स्कूटर बंद पडली. ती तिरकी करून, किक मारून मारून माझा उजवा पाय गेला, आणि दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून आंबाडीच्या भाजीत चिंच घालावी का यावर बोलत होत्या. वाडीत पोचल्यावर वहिनीनं पदर खोचला आणि स्वतःच्या हातानं भाजी खुडली. मी घड्याळाकडे बघत चडफडत होतो. भाजी खुडून झाल्यावर ही बाई स्कूटरकडे यायचं सोडून शेजारच्या गोठ्याकडे निघाली. म्हटलं, आता काय? तिथं तो बैल बांधलेला होता. तिनं त्याच्या मानेखाली खाजवलं, मक्याचं एक ताट त्याच्या तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "तुझं काही चुकलं न्हाई रं." मग माझ्याकडे वळून, जणू मी काही विचारलंय अशी म्हणाली, "आमच्याकडं दोन होते, भावजी. आमची शाळा, माझं लग्न, सगळं त्यांनीच ओढलं. एक दिवस त्यांचं खायचं न्हाई, एवढं तरी जमायला नको?" माझा राग गेला असं नाही. पण मी स्कूटर वळवून ठेवली.

आई जेवली तेव्हा दुपार उलटून गेली होती. चेहरा पार उतरला होता. तरी पहिला घास उचलण्याआधी तिनं विचारलं, "बैल नाही ना लागला?" वहिनी म्हणाली, "न्हाई आई. भावजी लागले." आई इतकी हसली की घास परत पानात पडला.

पुढे आई गेली. मी लग्न केलं, तरी रविवार माझा झाला नाही तो नाहीच. कळंबच्या वाटेवरच्या वाड्यांत एकेक करून इमारती उभ्या राहिल्या. बायचे गुडघेही गेले, तिच्या सुनेला वाडीत रस नव्हता, आणि तो वाफा होता तिथं आता कोणाच्या तरी मोटारी उभ्या असतात. बाजारात वाटे लावणाऱ्या बाया कमी झाल्या, टेम्पोनं नाशिककडची भाजी येऊ लागली. आई नसली तरी वहिनी पंचमी करतच होती. एका वर्षी तिनं एका नव्या भाजीवाल्याला विचारलं, "बैल लागला का?" त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "बैल कुठले आता, ताई? आमच्याकडं सगळीकडं ट्रॅक्टर. बैल पाळणं परवडतंय कुणाला?"

मला तर आनंद झाला. म्हटलं, "घे! सगळाच बाजार ऋषीचा झाला. उचल पाहिजे ते आणि चल." वहिनीनं टोपलीवरचा हात काढून घेतला. म्हणाली, "मग सोडायचं काय, भावजी?"

"म्हणजे?"

"वर्षभर त्याचं खाल्लं तर एक दिवस सोडण्याला अर्थ. आता वर्षभर त्याचं काहीच पोटात न्हाई. मग आज मी काय सोडलं?"

त्या दिवशी तिनं भाजी केली, पण पानावर बसून ती नुसती चिवडत होती. इतकी वर्षं जिच्या हट्टाला मी शिव्या घातल्या, तिचा हट्टच हरवला होता, आणि सांगायला लाज वाटत नाही, मला तो परत हवा होता.

गणपती गेल्यावर एका रविवारी, आयुष्यात पहिल्यांदा, मीच म्हणालो, "वहिनी, गाडी काढू?" कामणच्या बाजूला, चिंचोटीकडे निघालो. धबधब्याला जाणारी पोरं गाणी लावून आमच्या बाजूनं सुसाट जात होती आणि आम्ही दोघं दिसेल त्या शेताशी थांबून बैल शोधत होतो. एका बांधावर दिसले. दोन, पाठीला पाठ लावून चरत. म्हातारा शेतकरी जवळच बसलेला. वहिनी उतरली आणि भाताकडे बोट करून तिनं विचारलं, "बैल लागला का?"

म्हातारा बिचारा ओशाळला. "काय करनार, बाय? आमच्या खाचरात ट्रॅक्टर रुततो. बैलाबिगर नाय होत."

वहिनीचा चेहरा असा काही उजळला की म्हाताऱ्याला वाटलं असणार, बाई ठीक नाही. "मग यंदाचा तांदूळ मला द्या," ती म्हणाली.

"आजून दाना भरायचाय. दिवालीनंतर या."

तेव्हापासून दर दिवाळीनंतर तांदळाचं पोतं माझ्या स्कूटरवरून येतं. जाडा, लालसर तांदूळ, शिजला की गोळा होतो, दादा रोज कुरकुरतो. माझी पाठ धरते, स्कूटर म्हातारी झालीय, वहिनीही झालीय, आता तिला मागे बसताना माझ्या खांद्याचा आधार लागतो. वर्षभर आम्ही तोच भात खातो. ऋषिपंचमीला तेवढं वहिनी त्या तांदळाच्या डब्याला हात लावत नाही. परवाच्या पंचमीला मी सकाळी स्वयंपाकघरात डोकावलो तर तिनं डब्याला कुंकू लावलं होतं आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवत होती.

"आज त्याला सुट्टी, भावजी," ती म्हणाली. "तुम्हाला न्हाई. गाडी काढा."

मी चहा तसाच ठेवून किल्ली घेतली.