डिस्कला लावलेलं तेल

आमच्याकडं सुट्टी गुरुवारची. रविवारी सुट्टी घेणारे ते रावेतच्या टॉवरमधले आयटीवाले. चाकण पट्ट्यात कंपनीत जाणाऱ्या माणसाचा रविवार गुरुवारी उगवतो. आणि गुरुवारी आमच्या घरातली मोटरसायकल अण्णांची असायची. सहा दिवस मी ती चिखलीहून महाळुंग्याला पळवायचो, सातव्या दिवशी धुऊनपुसून वडिलांच्या हातात द्यायचो. घाण गाडी दिलेली मला खपायची नाही. आणि आमच्या रस्त्यांची धूळ म्हणजे नुसती धूळ नसते हो, कंटेनरनं उडवलेला चिखल असतो, वाळला की सिमेंट!

त्या गुरुवारीही पार्किंगच्या कोपऱ्यात बसलो होतो. पाइप लावला की सोसायटीचा सेक्रेटरी खिडकीतून ओरडतो, म्हणून तीन बादल्या पाणी, शाम्पूची पुडी, जुना टूथब्रश आणि फाटक्या बनियनचा फडका. चेन डिझेलनं धुतली. मग तिला तेल लावायला घरातली बाटली काढली. ते कंपनीतलं तेल होतं, गंज लागू नये म्हणून लावतात ते. थोडंसं आणलेलं, बिजागऱ्यांना वगैरे होतं म्हणून.

माझं कामच ते आहे. आमच्या लाइनवर शाफ्ट बनतात आणि सगळ्यात शेवटी मी असतो. पार्ट तपासायचा, उघड्या लोखंडाला सगळीकडं तेल लागलंय का बघायचं, बोटाला चिकट लागलं की पेटीत ठेवायचा. कोरडा पार्ट बाहेर गेला की चार दिवसांत तांबडा होतो आणि मग आमची वरात निघते. अकरा वर्षं हेच केलंय. उघडं, चकाकतं लोखंड दिसलं की माझा हात मला न विचारता तेलाकडं जातो.

पुढच्या चाकाशी आलो आणि फोन वाजला. सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी या माणसाचा फोन आला की माझं डोकं लगेच तापतं.

"लॉट परत आलाय. गंज आहे. तेल लावलं होतं का तुम्ही लोकांनी?"

"लावलं होतं का म्हणजे?" मी तिथंच पेटलो. "अकरा वर्षांत माझ्या हातून एक कोरडा पार्ट गेला असेल तर दाखवा!"

"मग गंज काय आकाशातनं पडला? या दुपारी, रीचेक करायचंय."

आमची चांगली जुंपली. फोन कान आणि खांद्यात दाबलेला, मी उकिडवा बसलेलो, समोर ब्रेकची डिस्क. धुतलेली डिस्क अर्ध्या तासात जराशी लालसर होते, सगळ्यांचीच होते, दोनदा ब्रेक मारला की जाते. पण कानात गंज, डोळ्यासमोर गंज. मी बोलत राहिलो आणि हात चालत राहिला. फडक्यावर तेल घेतलं, डिस्कच्या या बाजूनं फिरवलं, त्या बाजूनं फिरवलं. वरून बोट लावून बघितलंसुद्धा. चिकट लागलं. पास.

आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

तेवढ्यात अण्णा आणि आई खाली आले. मावशीकडं आळंदीला निघालेले. आईच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चमकवलास की रं लेका," म्हणाले. माझं भांडण चालूच होतं. नुसती चावी पुढं केली, डाव्या हातानं, त्यांच्याकडं न बघता.

फोन ठेवून वर आलो, हात धुवायला बसलो. डिझेलचा वास गेला, पण उजव्या हाताची बोटं चिकटच. पुन्हा साबण लावला. चेनला लावलेलं असणार, म्हटलं. पण चेनला तेल मी ब्रशनं लावलं होतं. मग बोटाला कशाचं लागलं?

डिस्कचं! तेल लागलेल्या डिस्कवर ब्रेक धरत नाही. तोंडचं पाणी पळालं माझ्या. तिथंच, मोरीत.

अण्णांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ते फोन खिशातून काढत नाहीत, मीच त्यांना तशी शपथ घातलेली. बायको धावत आली. "अहो, काय झालं?" मी तिच्यावरच ओरडलो, "गप्प बस जरा!" ती म्हणाली, "आईंना लावा मग." आईला लावला. तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, तिथंच वाजायला लागला. तो वाजत असताना मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू. पायात चप्पल अडकवली आणि जिना उतरलो.

रिक्षावाल्याला म्हटलं, आळंदी रोड, जोरात घे भावा. मोशीचा चौक तुंबलेला. प्रत्येक स्पीडब्रेकरला मनात म्हणायचो, इथं थांबले असतील ना, इथं थांबले असतील ना. फोन लावत होतो. आठव्यांदा उचलला, पण आवाज दुसराच.

"काका पडलेत राव. डुडुळगावच्या अलीकडं. जास्त नाही, पण काकूंचा हात बघावा लागंल."

पोचलो तेव्हा आई एका पंक्चरच्या दुकानासमोर खुर्चीवर बसली होती, डावा हात छातीशी धरून. चटणीचा डबा कुणीतरी तिच्या पायाशी ठेवला होता. अण्णांच्या पायजम्याचा गुडघा फाटलेला. ते आईकडं बघत नव्हते, गाडीकडंही नाही. स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून मूठ उघडत होते, मिटत होते.

"टेम्पो थांबला पुढं," ते मला म्हणाले. "मी दाबला रं ब्रेक. दाबला. पण जोरच लागंना. हात गेले माझे."

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. तेवढ्यात आई कळवळून म्हणाली, "किती वेळा सांगितलं, आता वय झालं, नका चालवू म्हणून!" अण्णा म्हणाले, "खरं हाय तुझं." आणि मी तोंड मिटलं.

का मिटलं? घाबरलो म्हणून. दुसरं काही नाही. अर्ध्या तासापूर्वी सुपरवायझरला छाती बडवून सांगणारा मी, माझ्या हातून आईबाप रस्त्यावर पडले होते. ते मला उच्चारता येईना.

दवाखान्यात आईच्या मनगटाला प्लास्टर घातलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांना अण्णांनी हळूच विचारलं, "साहेब, हातातली ताकद कमी झालीय का न्हाई, ते कशात कळतंय?" डॉक्टर हसले, म्हणाले, "काका, वयाप्रमाणं होणारच थोडी." झालं. शिक्का बसला.

गाडी मी दुसऱ्या गिअरला, मागच्या ब्रेकवर घरी आणली. पार्किंगमध्ये बसून डिस्क पेट्रोलनं पुसली, पॅड काढून पॉलिशपेपरवर घासले, पुन्हा बसवले. उभ्या गाड्यांच्या मधून एक चक्कर मारली. कचकन थांबली. पुरावा पुसायला मला वीस मिनिटं लागली.

आता अण्णांचे हात म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. लातूरकडून ते इथं आले तेव्हा पिंपरीत एका कंपनीत लेथवर लागले, आणि तिथूनच रिटायर झाले. आमच्या घरात मोजपट्टी कधी कुणी शोधली नाही. अण्णा बोटांच्या चिमटीत धरून सांगायचे, अमुक इतकं हाय, आणि तेवढंच असायचं. रिटायर झाल्यावर माणूस कशावर जगतो? कुणी नातवंडांवर, कुणी देवावर. अण्णा त्या हातांवर जगत होते.

त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. लोणच्याची बरणी उघडून द्या म्हटलं तर सूनबाईकडं सरकवायचे. एकदा मी कामावरून आलो तर बाथरूमच्या दारात उभे, ओला टॉवेल पिळत. पिळायचे, पाणी किती गळतं ते बघायचे, पुन्हा भिजवायचे. मला बघून टॉवेल दोरीवर टाकला आणि म्हणाले, "वाळत घालायलो होतो." शनिवारी त्यांनी लायसन्स कपाटातल्या फायलीत ठेवून दिलं, आईच्या जुन्या रिपोर्टांच्या खाली.

आई तोंडानं काही वाईट नाही हो, पण दुखत होतं तिला. एका हातानं कणीक मळता येईना, वेणी घालता येईना. प्रत्येक वेळी एक वाक्य निघायचं. "तरी मी म्हणत होते." अण्णा मान खाली घालून ऐकून घ्यायचे. ज्या माणसानं आयुष्यात फोरमनचं ऐकून घेतलं नाही, तो! आणि मी शेजारी बसून जेवत होतो. माझ्या घशाखाली घास उतरत होता, याचीच मला शिसारी यायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. घरात सगळ्यांवर खेकसायला लागलो. भाजीत मीठ जास्त, टीव्हीचा आवाज जास्त. मंगळवारी डबा भरताना बायको शांतपणे म्हणाली, "एक विचारू? अण्णा पडल्याचा फोन यायच्या आधीच तुम्ही पळालात. का?"

मी बूट घालायला वाकलो.

तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला नका सांगू. त्यांना सांगा. गुरुवारपर्यंत बघते, नाहीतर मी विचारते त्यांच्यासमोर."

रागच आला मला तिचा. जिना उतरेपर्यंत टिकला, मग गेला. मधला सगळा बुधवार मी लाइनवर उभा राहून वाक्यं जुळवत होतो. अण्णा, एक चूक झाली. अण्णा, रागावू नका. एक शाफ्ट हातात धरून इतका वेळ उभा राहिलो की शेजारचा म्हणाला, "काय राव, लग्न लावतो का त्याच्याशी?"

गुरुवारी बादल्या घेऊन खाली गेलो. मागून अण्णा आले. नेहमी ते तयार होऊन यायचे, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरून. त्या दिवशी बनियनवर आले आणि पायरीवर बसले. "चालू दे तुझं," म्हणाले. मी गाडीवर पाणी टाकलं. शाम्पू लावला. टाकी धुतली, मडगार्ड धुतलं. पुढच्या चाकाशी आलो आणि फडका बादलीत टाकला.

"अण्णा, मागच्या गुरुवारी इथं मी तेल लावलं होतं."

"कुठं?"

"डिस्कला. दोन्ही बाजूंनी. फोनवर होतो, कंपनीत लावतो तसं लावलं गेलं. तुम्ही ब्रेक बरोबर दाबला होता. लागणारच नव्हता तो, कुणी पैलवानानं दाबला असता तरी."

ते उठले. माझ्याशेजारी येऊन बसले, गुडघा दुखत असताना. डिस्कवर अंगठा फिरवला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून बघितलं, लेथवरचा माणूस बघतो तसं. डिस्क आता कोरडी होती.

"तुला कधी कळालं?"

"तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत."

"म्हंजी तिथं आलास तवा तुला ठावं होतं."

"हो."

"दवाखान्यात?"

"हो अण्णा."

मला वाटलं, आता बसेल एक कानाखाली. बसावी असंच वाटत होतं. चाळिशीला आलेला माणूस मी, साबणाच्या पाण्यात गुडघे टेकून बापाच्या मारची वाट बघत होतो. त्यांनी मारलं नाही. ओरडलेही नाहीत. अंगठा पुन्हा एकदा डिस्कवरून फिरवला.

"तेल लागलं ते लागलं," शेवटी म्हणाले. "माझ्या हातनं काय कमी जॉब बिघडलेत का? पण आठ दिवस, लेका. आठ दिवस मी ह्या हाताला शिव्या द्यायलो. तू बघत होतास."

मी रडलो. ते उठून वर गेले. मागोमाग मीही गेलो आणि आईला, बायकोसमोर, सगळं सांगितलं. आई आधी माझ्याकडं बघत राहिली, मग उठली, प्लास्टरचा हात सांभाळत अण्णांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलली ते मला माहीत नाही. मला ऐकायचा हक्कही नव्हता.

दुपारी मी चावी नेऊन त्यांच्या हातात ठेवली. लायसन्स फायलीतून काढून वर ठेवलं. "चला अण्णा, एक चक्कर मारून या. मी मागं बसतो." त्यांनी चावी थोडा वेळ धरली, मग टेबलावर ठेवली.

"डोक्याला पटलंय रं," म्हणाले. "हाताला पटंना गेलंय."

पुढच्या गुरुवारी विचारलं, त्याच्या पुढच्या गुरुवारी विचारलं. आईचं प्लास्टर निघालं, तीच म्हणाली, "अहो, मी बसते मागं, चला." ते हसले आणि विषय बदलला. मग मी विचारायचं सोडलं.

आता गुरुवारी मीच त्यांना मागं बसवून नेतो, मोशीला, आळंदीला, म्हणतील तिथं. ते गप्पा मारतात, दुकानांच्या पाट्या वाचतात. पण पुढं कुणी थांबलं, एखादा टेम्पो आडवा आला, की माझ्या उजव्या खांद्यावरचा त्यांचा हात आवळतो. ब्रेक दाबावा तसा, पूर्ण. मी गाडी थांबवेपर्यंत सोडत नाहीत. घरी येऊन शर्ट काढला की खांद्यावर चार बोटं उमटलेली असतात.