पलंगाचा प्रवेश

शर्मिष्ठा दामले विमा कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकं बसवते. वाकोल्याची तिची इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरनं काम अर्धवट सोडलं आणि शेजारी भाड्याच्या घरांत विखुरले. ती स्वतः भांडुपला आली. त्या वर्षी स्पर्धेसाठी तिनं एक जुनं ग्रीक महाकाव्य घेतलं. युद्ध संपलंय, आणि समुद्रात भटकणाऱ्या राजाला काही केल्या घरी पोचता येत नाही. समुद्राच्या जागी तिनं भाड्याची घरं घातली, आणि नट म्हणून जुने शेजारीच गोळा केले.

दर रविवारी एका शाळेत तालीम व्हायची. कोणी विरारहून यायचं, कोणी कळव्याहून. येईपर्यंतच सगळे दमलेले असायचे. राजाचं काम नंदकिशोर राजाध्यक्षांकडे होतं. सत्तरी गाठलेले नंदूकाका. घरं बदलता बदलता त्यांची बायको, शुभाकाकू, गेली होती.

शेवटच्या प्रवेशात राणी परत आलेल्या राजाची परीक्षा घेते. आपला पलंग बाहेर काढा, असं दासीला सांगते. तो जमिनीत रुजलेल्या झाडातूनच राजानं घडवलेला, हलणारच नाही. हे खऱ्या नवऱ्यालाच ठाऊक. राजानं चिडून म्हणायचं, "माझा पलंग कोणी हलवला?"

नंदूकाका तिथे थांबले.

"वाक्य विसरलात का, काका?"

"नाही गं. आमचा पलंग विकला आम्ही. तिसऱ्या घराच्या दारातून आत जाईना. शुभा शेवटपर्यंत खाली गादीवर झोपली. सकाळी उठताना गुडघे धरून बसायची."

हेच तर वाक्य हवं होतं, असं शर्मिष्ठाला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"हे नाटकात घालू नकोस हं," काका म्हणाले. "तेवढं आमचं राहू दे."

"नाही घालत."

तिनं घातलं नाही. प्रयोगाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काकांनी राजाचं वाक्य लिहिल्याप्रमाणे म्हटलं, जरा घाईतच. विस्थापनाची वेदना पोचत नाही, असं परीक्षक म्हणाले. शर्मिष्ठानं मान हलवली. वाद घालायचं त्राण नव्हतं.

पुढच्या प्रयोगाचं विचारायला तिनं फोन केला, तेव्हा काका सामान बांधत होते. घरमालकाला जागा हवी होती. आता बदलापूर.

"तिथून तालमीला नाही जमायचं गं. दुसरा राजा बघ."

"ते बघू नंतर. मदतीला येऊ का?"

"ये. भांडी राहिलीत."

रविवारी ती गेली. वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळताना काकांना खुर्चीतच डुलकी लागली. तिनं त्यांना उठवलं नाही. उरलेल्या कपबशा एकटीनंच गुंडाळल्या.