मावेल तेवढी खळ

औषधाची गोळी यंत्रातून पडते, असं लोकांना वाटतं. पडते यंत्रातूनच, पण आधी तिचं पीठ मळावं लागतं, आणि तिथेच माझं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो. सहा महिने प्रोबेशन. पाच संपले होते. माझं लग्न ठरलं होतं, पण कायम झाल्याचं पत्र दिसेपर्यंत मुलीचे वडील लग्नाची तारीख धरायला तयार नव्हते.

तापाच्या गोळ्यांचं काम असं: औषधाची पूड आणि स्टार्च एकत्र करायचं, स्टार्चचीच गरम खळ घालून मळायचं, चाळणीतून दाबून दाणे पाडायचे, ते वाळवून यंत्रात दाबायचे. मळणं मामांकडे; त्या जुन्या कामगाराला सगळा कारखाना मामाच म्हणायचा. मामा वणीचे, पूर्वी देवीच्या गडाच्या पायथ्याशी पेढे वळायचे.

"मामा, खळ किती घालता?"

"मावंल तेवढी."

"म्हणजे किती लिटर?"

"थांबा, पिठाला इचारून सांगतो."

असा संताप यायचा! मी पहिल्या वर्गात पास झालेला पदवीधर, आणि माझं लग्न एका पेढेवाल्याच्या मुठीत! मूठ हेच त्यांचं उपकरण. ओलं पीठ दाबलं की लाडू वळला पाहिजे, आणि टिचकी मारली की फुटला पाहिजे. शेवटी बादलीला खुणा करून मी तीन वेळा खळ मोजली, सरासरी काढली आणि आकडा ठळक अक्षरांत भिंतीवर चिकटवला.

श्रावण होता. दोरीवरचा सदरा दोन दोन दिवस ओलाच. मामा म्हणाले, "सायेब, पीठ आज आधीच पानी पिऊन बसलंय. लय घालू नका."

"आकडा म्हणजे आकडा," असं म्हणून मी सगळी खळ ओतली.

चाळणीतून दाण्यांऐवजी लांबच लांब शेव पडली. पॅकिंगच्या बाया दारात जमल्या. "साहेब, तेल तापवू का?"

मी हट्टाने तीच शेव वाळवून, दळून गोळ्या पाडल्या. पाण्यात त्या पाव तासात फुटायला हव्यात. अर्ध्या तासानेही नदीतल्या गोट्यांसारख्या तळाशी शांत!

मॅनेजरांनी फॉर्म्युल्याचा कागद माझ्या नाकाखाली धरला. खळीपुढे दोनच अक्षरं होती: क्यू. एस.

"लॅटिन आहे. अर्थ सांगा, मामांना कळेल असा."

मी पुटपुटलो, "मावेल तेवढी."

"आगं आई!" मामा म्हणाले. "मंग मी काय येवढे दिस लॅटिन बोलत व्हतो व्हय?"

"आधी घालायची, मग किती गेली ते लिहायचं," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही उलटं केलंत. मामा 'चालेल' म्हणतील, त्या दिवशी तुमचं पत्र."

तीन आठवडे मी मळत होतो आणि मामा माझे लाडू फोडत होते. "हे रडतंय." "हे रुसलंय." पिठाला एवढे नखरे असतात, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी टिचकीसरशी लाडू मधोमध मोडला.

"चालंल."

मी धावत जाऊन मॅनेजरांना घेऊन आलो. पत्र त्यांच्या हातातच होतं. बॅचच्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "किती गेली?"

मी वळून पाहिलं. मामांनी बादली धुऊन पालथी घातली होती, आणि खूण बघायची मी विसरलो होतो.

पत्र मॅनेजरांच्या खिशात परत गेलं. आणखी आठ दिवस लागतील, असं मुलीच्या वडिलांना जाऊन सांगावं लागलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मात्र मी सरळ खोटं बोललो.