ब्याऐंशीचं जेवण

नीटचा निकाल लागला तेव्हा मोबाईल आत्याच्या हातात होता. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. आमच्या घरात सगळ्यांत शिकलेली तीच, त्यामुळे तिनं वाचलेलं कुणी परत तपासत नसे. तिनं चष्मा वर सरकवला, खाली आणला आणि जाहीर केलं, "ब्याऐंशी. ब्याऐंशी टक्के पडले पोरीला."

ते टक्के नव्हते, पर्सेंटाइल होतं. शंभरातली किती पोरं माझ्या मागं राहिली, एवढंच तो आकडा सांगतो. पुढं किती गेली ते सांगत नाही, आणि पुढं गेलेली लाखांत होती. खरे मार्क शेजारीच छापलेले होते. त्या मार्कांवर सरकारी मेडिकल सोडाच, सरकारी आयुर्वेदवाल्यांनीही मला दारात उभं केलं नसतं.

"आत्या, ते टक्के नाहीत," मी म्हणाले.

"लातूरला जाऊन लई नम्र झालीस गं," असं म्हणून ती फोन लावत सुटली. फोनवर असलेल्या आत्याला थांबवणं म्हणजे वाहत्या कॅनॉलला हात आडवा लावणं. संध्याकाळपर्यंत बेलापुरातल्या आमच्या अख्ख्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, मी डॉक्टर झाल्याचं कळलं होतं.

आमच्यात नवस बोलत नाहीत, पण आत्यानं देवाला शब्द दिला होता. पोरगी डॉक्टरकीला लागली की मंडळीला मटणाचं जेवण, आणि त्याआधी उपासनेत पोरीची साक्ष. साक्ष म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांपुढं उभं राहून देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं. ऑपरेशन पार पडलेले सांगतात, नोकरी लागलेले सांगतात, पाळणा हललेले सांगतात. नोकरी न लागलेला माणूस साक्षीला उठलाय, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आत्यानं एक शब्द मलाही दिला होता. नाही जमलं, तर परत लातूर. तिसऱ्यांदा.

लातूरला नीटच्या क्लासला मी दोन वर्षं काढली होती. पत्र्याचं पार्टिशन घातलेली खोली, दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर. दुसऱ्या वर्षी केस गळायला लागले, जेवण जाईना. मम्मीचा फोन आला की मी आवाज हसरा करून बोलायचे आणि फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून झोपायचे. त्या सगळ्यात केमिस्ट्रीचा तास तेवढा मला मनापासून आवडायचा. बाकी एकच गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे मला तिथं परत जायचं नव्हतं.

शनिवारी पप्पा फॅक्टरीतून आले. ते मोरीवर पाय धूत होते, तिथंच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"ताईला सांगितलं का?"

"तीनदा. ऐकतच नाही."

"ती एकट्यादुकट्याचं ऐकत न्हाई. मंडळीचं ऐकती." ते पंच्यानं पाय पुसत राहिले, फार सावकाश. "उद्या साक्ष तुझीच हाय. काय बोलायचं ते तू ठरव. माईक तुझ्या हातात असल्यावर तिला मधी बोलता येनार न्हाई."

आपले पप्पा इतके धोरणी आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

रविवारी आत्या बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसली होती, ठेवणीतल्या साडीत. मागच्या अंगणात मटण चढलं होतं आणि त्याचा वास खिडकीतून थेट आत येत होता. पाळकसाहेबांनी मला बोलावलं. मी जाऊन माईक हातात घेतला.

"मला मेडिकलला ॲडमिशन मिळणार नाही," मी म्हणाले.

"आमेन," मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं. दोघंतिघं हसले.

मी ब्याऐंशी म्हणजे काय ते सांगितलं. लातूर सांगितलं, केस आणि भिंत धरून. "मी तिसऱ्यांदा जाणार नाही. नगरला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करणार आहे. आणि लातूरहून मी धडधाकट परत आले, आज तुमच्यापुढं उभी आहे, यासाठी देवाचे उपकार मानते. हीच माझी साक्ष."

आत्याचा चेहरा दगडासारखा होता. मी जागेवर जायला वळले, तोच पुरुषांच्या बाजूनं आमचे म्हातारे हेडमास्तर उठले. सगळं गाव त्यांना टरकून असायचं. "मी मॅट्रिकला गणितात आपटलो होतो," ते म्हणाले. "बायकोलाही सांगितलं नव्हतं." बायको पलीकडं बायकांच्या रांगेत बसली होती. तिनं असं काही बघितलं की चर्च खो खो हसलं. मग एक बाई उठली. तिचा मुलगा सीईटीत मागं पडला होता आणि निकालापासून घराबाहेर आला नव्हता. "आज घरी गेल्याबरुबर त्याला घेऊन येते जेवायला," ती म्हणाली, आणि रडली. शेवटी पाळकसाहेबांनीच कबूल केलं, की सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, ग्रीकच्या पेपरात त्यांची दांडी उडाली होती. इतकी मोकळी उपासना मी आजवर पाहिलेली नाही. मला आनंदानं उडी मारावीशी वाटत होती.

बाहेर आल्यावर आत्या पहिलं वाक्य बोलली, पप्पांशी. "आता या मटनाचं काय करायचं?"

"खायचं," पप्पा म्हणाले.

आणि खाल्लं सगळ्यांनी, बोटं चाटून. आत्या एका शब्दानं माझ्याशी बोलली नाही, पण वाढायला पंगतीत फिरत होती. माझ्यापाशी आली तेव्हा पळी हातात धरून थांबली.

"नगरला मुदत कधीपत्तर हाय?"

"शुक्रवार."

"मंगळवारी जाऊ," ती म्हणाली आणि नळीचं हाड माझ्या ताटात टाकून पुढं गेली.

मंगळवारी कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीपुढं रांग होती. पोरं मान खाली घालून उभी, आईबाप एकमेकांना खुलासे देत. आमच्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "आमची मेडिकललाच जाणार आहे, हे आपलं हाताशी असावं म्हणून." त्यांची मुलगी फरशीकडं बघत होती. त्यांनी आत्याला विचारलं, "तुमची?"

मीही फरशीकडं बघायला लागले.

"आमची नीटला दोनदा बसली," आत्या म्हणाली. दवाखान्यात हाका मारून तयार झालेला तिचा आवाज साऱ्या रांगेला ऐकू गेला. "दोन्ही वेळेला न्हाई झालं. तिसऱ्यांदा जायचं न्हाई म्हनली. भर चर्चमधी, माझ्या तोंडावर. माझी सगळी नोकरी सरली, पन साहेबाच्या तोंडावर मला एकदाबी न्हाई म्हनता आलं न्हाई."

पुढच्या मुलीनं मान वर केली आणि वळून माझ्याकडं पाहिलं.

रांग सरकली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठली शाखा?" आत्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं.