काटा अर्ध्यावर येईना

गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणी नव्यानं करायची वेळ आली आणि त्यासाठी आधी प्रदूषणाचं सर्टिफिकेट लागणार होतं, जे आम्ही कित्येक वर्षं काढलंच नव्हतं. मला ते पाच मिनिटांचं काम वाटलं. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी गुडीहत्नूरच्या रस्त्यावर तपासणीची व्हॅन उभी असते तिथं गेले. तिथल्या माणसानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीनकडे पाहिलं, नळी काढून पुन्हा घातली आणि गाडी नापास आहे म्हणाला. धुरात कार्बन मोनॉक्साइड फार येतोय. मला तर धूरच दिसत नव्हता. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, हा डोळ्यांना दिसत नसतो.

मी तामसीकडच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. कित्येक वर्षं बसनं गेले-आले. गाडी नवऱ्यानं घेतली होती, पण गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी चालवणं सोडलं आणि मी चाळिशी उलटल्यावर शिकले. तेव्हापासून ती गाडी माझी झाली होती. म्हणून ते जेव्हा सहज म्हणाले की जुनी झाली, विकून टाकू, तेव्हा मी उठून गेले.

पुढचे तीन आठवडे मी एका जागी बसले नाही. मुलांना शुद्धलेखन घालून खिडकीशी जायची आणि बाहेर उभ्या गाडीकडे बघत राहायची. पहिल्या मेकॅनिकनं एअर फिल्टर बदलला. प्लग काढून दाखवले, काजळीनं काळेकुट्ट झालेले. मला वाटलं, सापडलं. नवे प्लग घालून व्हॅनकडे गेले, पुन्हा नापास. दुसऱ्यानं सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर खराब आहे म्हणून तो बदलला. तरी नापास. प्लग उघडून बघितले तर नव्यांवरही काजळी धरायला लागली होती. घरी भाजी चिरतानासुद्धा मी तेच घोकत होते, की ही काजळी येते कुठून.

मग कुणीतरी बेल्याच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं सांगितलं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून विचारत राहिला. पेट्रोल जास्त खाते का? हो. थंडीत जास्त खाते का? हो. इंजिन तापतं का? मी जरा अभिमानानंच सांगितलं की मी चालवायला लागल्यापासून कधीच नाही, मे महिन्यातही नाही.

"टीचर, इंजन गरम तो होनाच चाहिए," तो म्हणाला.

त्यानं मला बेल्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून; इंजिन नीट तापलं की तो अर्ध्यावर येऊन थांबतो म्हणाला. त्या काट्याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. वस्तीतून हळू जाताना तो थोडा वर आला. मोकळ्या रस्त्यावर वारा लागला तसा खाली उतरून तळाशी जाऊन बसला. कापसाच्या गाड्यांमागे अडकले की किंचित वर, त्या मागे टाकल्या की पुन्हा खाली. अर्ध्यावर काही तो आला नाही.

परत आल्यावर मिस्त्रीनं इंजिनाला पाणी नेणारा पाइप सोडला आणि आतली जागा दाखवली. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा एक छोटा व्हॉल्व्ह तिथं असतो. तो नव्हताच. त्यामुळे इंजिन कायम थंड, आणि थंड आहे म्हणून त्याला कायम जास्तीचं पेट्रोल जात होतं. ते नीट जळत नव्हतं, म्हणून ती काजळी आणि तो न दिसणारा वायू. व्हॉल्व्ह आपोआप पडत नाही, कुणीतरी काढलाय, असं तो म्हणाला.

घरी नवरा अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होते. मी चप्पलही न काढता विचारलं. त्यांनी हातातली काडी मोडली. मग म्हणाले, नागपूरला तुझ्या आईला नेलं होतं ना, तवा.

मला तो दिवस आठवत होता; तेव्हा गाडी हेच चालवायचे. पांढरकवड्याच्या पुढे गाडी उकळून बंद पडली होती. आजारी आईला कडुनिंबाखाली झोपवून मी पदरानं वारा घालत होते. तिथल्याच एका मिस्त्रीनं काहीतरी करून गाडी सुरू केली. साधं पाणी बघून निघता येत नाही का, म्हणून मी यांना आईसमोर, त्या मिस्त्रीसमोर नाही नाही ते बोलले होते. पाण्याचा दोष नव्हता, ते आता सांगत होते. व्हॉल्व्ह अडकला होता आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्या मिस्त्रीनं तो काढून टाकला होता.

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तू रडून राह्यली होती. तुले काय सांगत बसू?"

"अन् आता? तीन हप्ते मी फिरून राह्यली, तवा?"

"त्याचा अन् धुराचा संबंध असंल, हे माह्या डोक्यातच नाई आलं."

ते खरंच असणार. मला राग धरता येईना आणि सोडताही येईना.

नवा व्हॉल्व्ह बसला. गाडी चांगली तापवून मी व्हॅनकडे नेली, या वेळी तेही बरोबर आले. नळी आत होती तोवर मी रस्त्याच्या कडेनं येरझारा घालत होते. पास झाली म्हणून त्यांनीच हाक मारून सांगितलं.

परतल्यावर घराच्या फाटकाशी गाडी थांबवली. ते उतरायच्या आधी मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमाले लय बोलली."

"ऊन लय होतं," ते म्हणाले आणि फाटक उघडायला उतरले. त्यावर आणखी काही बोलायचं होतं मला. पण मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवायला लागला, आणि गाडी आत घ्यावी लागली.