मिरचीच्या वावरातली मुलाखत

मी पिंपळगाव रेणुकाई सोडलं त्या सकाळी माय मला गाडीवर घालवायला आली नाही. ओसरीत मिरचीचा ढीग पडला होता आणि ती सडक्या मिरच्या बाजूला काढत बसली होती. मी पाया पडले तर मान वर न करताच म्हणाली, "जाय. जल्दी जाय, गाडी चुकंल."

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची पेटी उचलली आणि आम्ही निघालो. भोकरदनवरून औरंगाबादला जाणाऱ्या एसटीत दादा सारखे बोलत होते. त्यांचा एकच प्रश्न होता, "बातम्या सांगायला कालेजात जावं लागतंय का? गावात तर समद्यांनाच येतंय." मी हसत होते, पण डोळ्यांपुढे मायची खाली घातलेली मान होती. तिला मी जायला नकोच आहे, असं मी मनाशी धरून चालले.

आमचं कॉलेज व्यवसाय शिकवणारं होतं. खालच्या मजल्यावर फ्रीजदुरुस्ती, मधल्या मजल्यावर टायपिंग आणि शिवणकाम, आणि सगळ्यात वर, पत्र्याच्या छताखाली, आमचा वर्ग. फिल्म, टेलिव्हिजन आणि पत्रकारिता. केबल नुकती गावोगाव पोचलेली, त्यामुळे आपण सगळे पडद्यावर दिसणार असं प्रत्येकाला वाटत होतं. कॅमेरा मात्र एकच होता.

आणि तो बहुतेक वेळा कांचनच्या हातात असायचा. कांचन जालन्याच्या मस्तगड भागातली. तिच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन तिथं कापडाचं दुकान टाकलेलं. ती नि मी एकाच खोलीत राहायचो. कापडाचा तागा उलगडावा इतक्या सहज ती कॅमेरा उघडायची. मी त्याला हात लावायच्या आधी मायसारखे नसलेल्या पदराला हात पुसायचे, आणि मी तर तेव्हा पंजाबी ड्रेस घालायचे! बातमी वाचताना माझ्या तोंडून "न्हाई" गेलं की वर्ग हसायचा. कांचन "मेरेको वाटतं" म्हणाली तरी ते सगळ्यांना गोड लागायचं. तिचा मला हेवा वाटायचा. तिच्या स्कूटीचा, तिच्या केसांचा, तिला घरून येणाऱ्या डब्याचा. सगळ्यात जास्त, तिला कशाचीच भीती वाटत नव्हती याचा. मला सरांनी माइक दिला, हेडफोन दिला आणि सांगितलं, "सुमन, तुझे कान चांगले आहेत." कॅमेरा न मिळाल्याची समजूत काढतात असंच मला वाटलं.

दिवाळीच्या आधी सरांनी दोघी-दोघींना एकेक छोटी फिल्म करायला सांगितली. विषय होता, कष्ट करणारी बाई. कांचन लगेच म्हणाली, "तुझ्या आईवर करू या ना! मिरचीचं वावर, लाल-हिरवा रंग, बिलकुल मस्त दिसेल."

मला नको होतं. पण दुसरा विषय सुचेना, म्हणून आम्ही गावी गेलो.

मायनं कांचनला दारात ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. कांचन जैन, तिला कांदा-लसूण चालत नाही हे कळल्यावर मायनं वेगळी चूल पेटवली, बिनलसणाची डाळ आणि दोडक्याची भाजी केली. "खाय माय, लाजू नको," म्हणत तिच्या भाकरीवर तूप घातलं. मी कोरडी भाकरी मोडत बघत होते. माझ्यासाठी त्या घरात कधी वेगळी भाजी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वावरात मुलाखत घेतली. माय तोडणी करत होती, कांचन कॅमेरा लावून समोर, आणि मी सरीत, झाडांच्या आडोशाला माइक धरून, कानाला हेडफोन. वारा होता म्हणून माइकला फडकं गुंडाळलं होतं. हेडफोनमधून मायचा श्वास, तिच्या बांगड्या, देठ मोडल्याचा आवाज, सगळं अगदी कानाशी येत होतं. तिच्या इतकी जवळ मी कित्येक वर्षांत गेले नव्हते.

कांचननं विचारलं, "मावशी, सुमन शिकायला गेली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं म्हणायचं असतंय ना?"

"खरं सांगा."

मिरच्या तोडता तोडताच माय म्हणाली, "जळलं माय. लई जळलं. मी सातवी पास झाल्ते तवा मास्तर घरी आल्ते. पोरीला जालन्याला शाळेत टाका म्हणून सांगून गेल्ते. ठरलंबी व्हतं. मंग लगीन जमलं. सुमी पेटी घेऊन निघाली अन् मला उठूच वाटंना. म्हणलं, हिच्या जागी मी का न्हाई? पोटची पोर हाय, तिचं भलं व्हावं वाटतंय, अन् तरी आतून जळून राह्यलं. असं व्हतंय का कुणाला?"

"होतं मावशी."

"मला वाटलं मलाच झालं," माय म्हणाली आणि हसली.

माइकवरचं फडकं मी आवळलं. रेकॉर्डिंगमध्ये तिथं माइक खरखरलेला अजून ऐकू येतो. माझ्याच आईला माझा हेवा वाटला, हे मला कळलं. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तिनं ते कांचनला सांगितलं. एका दिवसाची ओळख, आणि तिला सगळं मिळालं. मी तिथं होते, पण तार धरायला.

कॉलेजात परत आल्यावर मी हट्ट धरला, ते बोलणं काढायचं. दोन व्हीसीआर जोडून आम्ही एडिटिंग करायचो. कांचन बटणावर हात ठेवून बसली. सर म्हणाले, "हे काढलं तर फिल्ममध्ये उरतं काय?" मी म्हटलं, "माझ्या घरातलं आहे ते." तेव्हा कांचन पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "तुझं कसं? मावशीचं आहे ते. तिला विचार ना."

म्हणून आम्ही फोन केला. गावात एसटीडीचं दुकान होतं, तिथून पोरगं धाडून मायला बोलावून घेतलं. कांचननं सगळं समजावलं. माय म्हणाली, "राहू द्या की. मी काय खोटं बोलले?" मग रिसीव्हर माझ्याकडे आला.

"सुमे, तुला वाईट वाटलं का?"

"हो."

"मंग मला बी वाटलं व्हतं, तू गेलीस तवा." मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी शिकली असतीस. जिवाला घोर लागला असता. म्हणून न्हाई सांगितलं."

बोलणं तसंच ठेवलं. वर्गात फिल्म दाखवली तेव्हा मुली रडल्या, टाळ्या झाल्या. शेवटच्या नावांच्या पाटीवर कॅमेरा कांचनचा आणि ध्वनी माझा होता. लोकांनी कांचनला मिठ्या मारल्या.

पुढं कांचनचं लग्न जालन्यातच झालं. सासरचं बियाणांचं दुकान, मोठं घर. कॅमेरा तिकडं गेला नाही. मला हैदराबादला मराठी कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचं काम मिळालं. गाव सोडलेल्यांना माहीत असेल, पहिली काही वर्षं आपल्याला वाटत असतं की आपण पुढं गेलो. मग एक दिवस घरचा फोन येतो आणि कळतं की मागं सगळं आपल्याशिवाय नीट चाललंय. दादा सांगायचे, "कांचन आल्ती." कांचन रेणुकाईच्या दर्शनाला आल्ती. कांचननं मायला जालन्याला दवाखान्यात नेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी स्टुडिओच्या काचेच्या खोलीत कुणाचा तरी संवाद पुन्हा पुन्हा घेत होते, आणि मायचा हात कांचनच्या हातात होता. नोकरी माझी, पगार माझा, शहर माझं. तरी जळायचे मीच.

मग माय माझ्याकडे हैदराबादला आली. पंधरवड्यापुरती म्हणून आली आणि रमली. भाजीवाल्याशी "बराबर बोलो भाई" म्हणून भांडायची. शेजारणीबरोबर सिटीबसनं बाजारात जाऊन यायची. मला जो चौक ओलांडायला वर्ष लागलं, तो ती गप्पा मारत ओलांडायची. माझ्या स्टुडिओत आली, हेडफोन लावून खुर्चीत बसली आणि उठायला तयार होईना.

तेवढ्यात दादांचा फोन आला. "मिरची तोडायला आली. बाया मिळंनात. तिला गाडीत बसव."

मी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मी न्हाई जात."

"अगं, दादा एकटे आहेत."

"मंग तू जाय. गावाची आठवण येती म्हणून रडती ना? जाय, मिरच्या तोड. मी हाय इथं."

मला वाटलं चेष्टा करते. नव्हती करत. मी रजा टाकली आणि गेले. पहिल्याच संध्याकाळी हात असे पेटले की ताकात बुडवून बसावं लागलं. दादा स्वयंपाक करत होते आणि पुटपुटत होते, "बाईचं डोकं फिरलं."

त्या आठवड्यात एका दुपारी कांचन आली. हातात डबा, चेहऱ्यावर हसू. मला पाहून थबकली. "तू? मावशी कुठंय?"

"माझ्या घरी," मी म्हणाले.

ज्या घरात मी जन्मले, त्याच्या पायरीवर बसून म्हणाले. तोंडातून आपसूक गेलं.

"हैदराबादला? मला न सांगता?" कांचन माझ्या शेजारी बसली. तिचा चेहरा पडला होता. तो चेहरा मला चांगला माहीत होता, इतकी वर्षं मी तो घालून फिरले होते. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

तिनं मला हैदराबादला फोन लावायला सांगितलं. पलीकडून मायचा आवाज इतका मोठा आला की मलाही ऐकू आला. "कोण, कांचन? ये की इकडं. सुमीच्या घरी ये. लई जागा हाय. महिनाभर राह्य."

माझ्या घरी, मला न विचारता, कांचनला बोलावणं. आतून जळलंच. पण सुमीचं घर म्हणाली होती ती, अगदी सहज, गावातल्या कुणाच्या घराबद्दल सांगावं तसं. कांचन माझ्याकडे बघत होती.

"येऊ का?" तिनं विचारलं.

"ये," मी म्हणाले. "पण तिथं तुझी बिनलसणाची भाजी मी करणार."